मुक्या प्रवाशांची नोंदवही

आगगाडीने जाणाऱ्या माणसाची गैरसोय झाली, तर तो स्टेशन-मास्तरकडे जातो, तक्रारवही मागतो, आणि काही नाही तरी घरी पोहोचल्यावर चार लोकांना आपली हकीकत सांगतो. जनावराला यांपैकी काहीच करता येत नाही. गाडी किती तास उभी होती, पाणी शेवटचे केव्हा मिळाले, आत उकाडा किती होता, हे ज्याने सोसले त्याला सांगता येत नाही. आणि ज्याला सांगता येते त्या वाहतूकदाराला खरे सांगण्याने पुष्कळदा तोटाच होतो. म्हणून जनावरांच्या वाहतुकीत कागदाला एक वेगळेच महत्त्व आले आहे. इतर मालाचा कागद हा मालकीचा आणि जकातीचा पुरावा असतो. जनावरांबरोबर जाणारा कागद ही त्यांची साक्ष असते. अलीकडे हा कागद इलेक्ट्रॉनिक होऊ लागला आहे. या बदलाने जनावरांचे हित कितपत साधेल, आणि ते साधावे म्हणून कायद्याने कशाची सक्ती केली पाहिजे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

या विषयात वेळेला एवढे महत्त्व का, ते प्रथम पाहू. गुरे किंवा मेंढ्या भरलेली मालमोटार धावत असते तोवर वाऱ्याच्या झोताने आतली हवा बदलत राहते. ती थांबली की हवा थांबते. पण जनावरांच्या अंगातून निघणारी उष्णता व वाफ थांबत नाही. थोड्याच वेळात आतला उकाडा बाहेरच्यापेक्षा वाढतो. डुकराला तर घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे अंग निववण्यासाठी धापा टाकण्यावाचून त्याला दुसरा मोठा उपाय नसतो. म्हणजे प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग पुष्कळदा रस्त्यावरचा नसून नाक्यावरच्या रांगेतला असतो. अंतर किती, हे नकाशा सांगतो. थांबणे किती झाले, हे मात्र कोणी टिपून ठेवील तरच कळते.

हे भान जुने आहे. अमेरिकेत १८७३ साली असा कायदा झाला की, रेल्वेने जनावरे सलग २८ तासांपेक्षा अधिक काळ डब्यात कोंडून ठेवू नयेत. त्यांना उतरवून किमान ५ तास विसावा, चारा व पाणी द्यावे. १९०६ साली हा कायदा नव्याने केला, तेव्हा त्यात एक सवलत आली. मालकाने लेखी मागणी केली, तर ही मुदत ३६ तासांपर्यंत वाढवता येई. परंतु त्या मागणीचा कागद रेल्वेच्या छापील नमुन्याहून वेगळा असला पाहिजे, अशी अट होती. या बारीकशा अटीत मोठे शहाणपण आहे. छापील नमुन्यावर खाली सही करताना माणूस वरचा मजकूर वाचतोच असे नाही. जनावरांना आणखी ८ तास उपाशी ठेवायचे असेल, तर ते मालकाने समजून उमजून, स्वतंत्र कागदावर लिहून मागावे, असा त्या कायद्याचा रोख होता. आजच्या पडद्यावर आधीच खूण केलेला चौकोन पुढे येतो आणि बोटाच्या एका स्पर्शाने संमती नोंदली जाते, तेव्हा १९०६ सालच्या त्या अटीची आठवण ठेवण्यासारखी आहे.

या बाबतीत सर्वांत तपशीलवार कायदा युरोपीय संघाचा आहे. त्याचा २००५ सालचा पहिला विनियम ५ जानेवारी २००७ पासून लागू झाला. ८ तासांहून लांब प्रवासाला तो दीर्घ प्रवास मानतो. गुरे व मेंढ्या यांना १४ तास प्रवास, मध्ये निदान १ तास विसावा व पाणी, पुन्हा १४ तास प्रवास आणि त्यानंतर खाली उतरवून २४ तास विश्रांती, असे त्याचे वेळापत्रक आहे. दूधपित्या वासरांना १४ च्या जागी ९ तास. दीर्घ प्रवासाच्या मोटारीत पंख्यांची अशी सोय हवी की इंजिन बंद असतानाही ते ४ तास चालावेत. आतले तापमान ५ ते ३० अंश सेल्सिअसच्या मर्यादेत राहावे, आणि बाहेरच्या हवामानाप्रमाणे या मर्यादेत ५ अंशांची सूट आहे. तापमापक कोठे बसवावेत, हेही विनियम सांगतो: मोटारीच्या रचनेप्रमाणे जेथे हवा सर्वांत वाईट होण्याचा संभव, तेथे. चालकाच्या बैठकीजवळ तापमापक लावून सुखाचा आकडा दाखवण्याची वाट त्याने बंद केली आहे.

याच विनियमात प्रवास-नोंदवही आहे. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या गुरे, मेंढ्या, शेळ्या, डुकरे आणि बहुतेक घोडे यांच्या दीर्घ प्रवासाला ती लागते. तिचे पाच भाग आहेत. पहिल्यात प्रवासाची योजना, दुसऱ्यात निघण्याच्या ठिकाणची नोंद, तिसऱ्यात पोहोचण्याच्या ठिकाणची, चौथ्यात प्रत्यक्ष मार्ग, थांबे व वेळा यांविषयी वाहतूकदाराचे निवेदन, आणि पाचव्यात काही विपरीत घडल्यास त्याचा अहवाल. योजनेची प्रत निघण्यापूर्वी निदान दोन कामाचे दिवस आधी अधिकाऱ्याकडे पोहोचली पाहिजे. प्रवास संपल्यावर नोंदवहीची प्रत एका महिन्याच्या आत परत आली पाहिजे.

योजनेचा कागद किती उपयोगी पडतो, याचे उदाहरण जर्मनीतील केम्प्टन या गावचे आहे. तेथून २०१२ साली ६२ गुरे उझबेकिस्तानातील अंदिजान येथे पाठवायची होती. अंतर सुमारे ७००० किलोमीटर. संघाची सीमा ओलांडल्यावर पुढच्या वाटेवर विसावा कसा देणार, हे योजनेवरून पटेना म्हणून अधिकाऱ्यांनी ती बदलण्यास सांगितले. व्यापाऱ्याचे म्हणणे असे की, सीमेपलीकडे युरोपचा कायदा चालत नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. २३ एप्रिल २०१५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, प्रवास संघाच्या भूमीवरून सुरू होत असेल, तर सीमेपलीकडच्या वाटेचीही योजना नियमांप्रमाणे असली पाहिजे. ती तशी नसेल तर अधिकारी बदल मागू शकतो. मोटार हलण्यापूर्वी कागद अडवला गेला, म्हणून या निकालाचे मोल मोठे.

आता कागदी व्यवस्थेचे वैगुण्य कोठे आहे, ते ध्यानात येईल. निघण्यापूर्वी दोन दिवस अधिकाऱ्याला योजना कळते. संपल्यावर महिनाभरात काय झाले ते कळते. ज्या मधल्या काळात जनावरे मोटारीत असतात, त्याच काळाबद्दल त्याला काही कळत नाही. महिन्याने आलेल्या वहीवरून वाहतूकदाराला दंड करता येईल, पुढच्या खेपेस परवाना नाकारता येईल. पण त्या खेपेतल्या तहानलेल्या वासराला पाणी देता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग ही नोंदवही यंत्रावर आणली की काम झाले. येथेच थोडे थांबून विचार केला पाहिजे. २००७ नंतरच्या नव्या मोटारींना आणि २००९ पासून दीर्घ प्रवासाच्या सर्वच मोटारींना उपग्रहावरून स्थान दाखवणारे यंत्र सक्तीचे आहे. मोटार कोठे होती, किती वेळ थांबली, एवढेच नव्हे तर मागचा फाळका केव्हा उघडला व मिटला, हेही त्याने नोंदावे अशी अपेक्षा आहे. फाळका उघडलाच नसेल, तर ‘जनावरे उतरवून विश्रांती दिली’ हे निवेदन खोटे ठरते. यंत्र आहे, नोंद आहे, तरीही मधला काळ अंधारातच राहिला. कारण २००५ च्या विनियमाप्रमाणे ही नोंद वाहतूकदाराने तीन वर्षे जपायची आणि अधिकाऱ्याने मागितल्यावर दाखवायची. साक्ष ताजी तयार झाली, पण ती ज्याच्याविरुद्ध जाऊ शकते त्याच्याच पेटीत राहिली. आमच्या मते साऱ्या विषयाचा गाभा हा आहे. कागद जाऊन पडदा आला याने जनावराचे काही बदलत नाही. नोंद वेळेवर योग्य माणसापुढे आली आणि त्याला काही करण्याचा अधिकार असला, तरच बदलते.

तेव्हा कायद्याने तीन गोष्टी ठरवून दिल्या पाहिजेत. पहिली, कोणती नोंद यंत्राने करायची आणि कोणती माणसाने. वेळ, स्थान, तापमान, फाळका ही कामे यंत्राची. जनावर लंगडते आहे का, गाभण आहे का, प्रवासाला धड आहे का, हे पाहणे पशुवैद्याच्या डोळ्याचे काम. ते एका खुणेवर उरकता कामा नये. दुसरी, नोंदीची दुरुस्ती. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीतले पान कोणी फाडत नाही. चुकले तर जुना आकडा वाचता येईल असा खोडून शेजारी नवा लिहितात. इलेक्ट्रॉनिक नोंदीलाही हीच शिस्त हवी: कोणी, केव्हा, काय बदलले ते कायम दिसले पाहिजे. वाटेत जाळ्याचा संपर्क तुटला, तर यंत्राने नोंद जवळ ठेवून नंतर पाठवावी. मात्र वेळ घटनेची असावी, पाठवण्याची नसावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, धोक्याची सूचना चालकाखेरीज आणखी कोणाकडे जाते आणि तिच्यावर कृती करणे कोणाचे कर्तव्य. ज्या सूचनेला जबाबदार धनी नाही, ती न आल्यासारखीच.

युरोपीय आयोगाने ७ डिसेंबर २०२३ रोजी मांडलेला नव्या विनियमाचा प्रस्ताव या दिशेने जाणारा आहे. २००४ पासून चालत आलेल्या ‘ट्रेसेस’ या सामायिक संगणकीय व्यवस्थेत प्रवास-नोंदवही भरावी आणि मोटारीचे स्थान त्याच वेळी तेथे कळत राहावे, असे त्यात म्हटले आहे. कत्तलीसाठी नेण्याच्या प्रवासाला ९ तासांची मर्यादा सुचवली आहे; आणि हवामानाच्या अंदाजात ३० अंशांहून अधिक उष्मा असेल, तर दिवसाची वाहतूक टाळून रात्रीच करावी, असेही. लहान वाहतूकदार खर्चाची तक्रार करतात, आपला मार्ग व गिऱ्हाइके उघडी पडतील अशी भीतीही त्यांना वाटते. ती अगदी अनाठायी नाही. म्हणून नोंद कोणाला दिसावी हे जसे कायद्याने सांगावे, तसेच ती कोणाला दिसू नये हेही सांगावे.

शिवाय नोंद कितीही चोख असली, तरी समोरच्याचा तिच्यावर विश्वास बसला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये ‘करीम अल्लाह’ आणि ‘एल्बेक’ ही दोन जहाजे मिळून सुमारे अडीच हजार गुरे घेऊन स्पेनहून निघाली. गुरांना ब्लूटंग अथवा नीलजिव्हा हा रोग असावा या संशयाने बंदरांनी त्यांना उतरू दिले नाही. स्पेनमधून मिळालेले कागद बंदरांना पुरेसे वाटले नाहीत. दोन महिन्यांहून अधिक काळ जहाजे भूमध्य समुद्रात फिरत राहिली; अखेर २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती स्पेनला परतली आणि जगलेली गुरे तेथे मारण्यात आली. नाकारले गेल्यास जनावरांनी कोठे उतरावे, हा रकाना योजनेत असणे किती जरूर आहे, हे यावरून दिसते.

आपल्याकडेही कागद आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील १९७८ च्या वाहतूक नियमांत गुरांबरोबर पशुवैद्याचा दाखला असावा, तो नसेल तर वाहतूकदाराने माल नाकारावा, असे सांगितले आहे. पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ता, गुरांची संख्या आणि सोबत दिलेला चारा ठळक तांबड्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी खेपेला लावावी, असेही. आता गुराढोरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्लाही आला आहे. बिल्ल्यावरून जनावर कोणते हे कळते. ते बाजारातून निघाल्यावर किती तास उभे होते, हे कळत नाही. उद्या तो क्रमांक आणि तो दाखला यंत्रावर एकत्र येतील, तेव्हा वर सांगितलेले तीन प्रश्न आपणही विचारले पाहिजेत: नोंद कोणी केली, ती केव्हा व कोणापुढे आली, आणि गाडी थांबवून पाणी पाजण्याचा अधिकार कोणाला आहे. यांची उत्तरे नियमांत नसतील, तर पडद्यावरची सुबक नोंद अधिकाऱ्याच्या सोयीची होईल. मोटारीतल्या बैलाला तिचा उपयोग होणार नाही.