रापलेल्या कातडीचे मोल

हैदराबादच्या तारनाका परिसरात एकमेकींपासून फार दूर नसलेल्या दोन संस्था आहेत. एक राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांच्या लहानशा संशोधन केंद्रातून तिचा उगम झाला व १९५८ मध्ये ती हैदराबादेस आली. दुसरी १९७७ साली स्थापन झालेली, पेशी व रेणू यांचा अभ्यास करणारी ‘सीसीएमबी’. ऊन आणि मानवी कातडी यांचे नाते समजून घ्यावयाचे, तर या दोन्ही दारांशी जावे लागते.

सीसीएमबीचे शास्त्रज्ञ ज्यात सहभागी होते, अशा एका संशोधनाने २०१३ साली दाखवून दिले की, एका जनुकातील ज्या बदलामुळे त्वचा उजळते, तो बदल युरोपीय आणि भारतीय यांच्यात एकाच मूळ पूर्वजाकडून आला आहे. गोरेपणा हा गुण नव्हे आणि सावळेपणा हा दोष नव्हे. दोन्ही पूर्वजांकडून आलेला वारसा आहे. परंतु माणूस आपल्या वारशावर संतुष्ट राहील तर ना! कळंगुट-हणजूणच्या वाळूवर पाश्चात्त्य पाहुणे भर दुपारी अंग भाजून घेतात, आणि त्याच किनाऱ्यावरील आमच्या मुली उजळ होण्यासाठी मलमांच्या नळ्या रिकाम्या करतात. दोघांनाही दुसऱ्याचा रंग हवा आहे.

यापैकी पहिल्या हव्यासाची किंमत आता पुरेशी कळून चुकली आहे. उन्हातील अतिनील किरण त्वचेच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्यावर आघात करतात. त्या आघातापासून बचाव करण्यासाठी शरीर अधिक रंगद्रव्य निर्माण करते. म्हणजे कातडी रापणे ही आरोग्याची कांती नव्हे, तर इजा झाल्याची खूण आहे. पेशी बहुतेक इजा दुरुस्त करते. जी राहून जाते ती वर्षानुवर्षे साचते आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. सूर्य पुरेसा नाही म्हणून की काय, पश्चिमेने अंग रापविण्याच्या दिव्यांचा धंदा उभारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली हे दिवे निःसंशय कर्करोगकारक ठरविले. तिशीपूर्वी त्यांचा वापर सुरू केल्यास ‘मेलॅनोमा’ या घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असे तिने नमूद केले. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील राज्यांनीही पुढे हा धंदा बंद केला.

या दिव्यांनी ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. तो फसवा आहे. ते जीवनसत्त्व ज्या किरणांनी बनते, ते या दिव्यांत फार थोडे असतात. उन्हाची गरज मात्र खरी आहे. ज्यांचा उन्हाशी संबंध कमी येतो, त्यांना दररोज ४०० एकके ‘ड’ जीवनसत्त्व मिळावे, अशी शिफारस आपल्या पोषणतज्ज्ञांनी २०१० साली केली. तेव्हा आम्ही कोणाला अंधाऱ्या खोलीत बसावयास सांगत नाही. थोडे ऊन औषध आहे. भाजून घेणे हे विष आहे.

‘आपण सावळे; आपल्याला कसली भीती?’ असे कोणी म्हणेल. आपले रंगद्रव्य ही निसर्गाने दिलेली छत्री आहे, यात शंका नाही. गोऱ्यांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी आढळतो. परंतु ती छत्री अभेद्य नाही. सावळ्या लोकांत मेलॅनोमा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली उद्भवतो. तेथे उन्हाचा संबंध नसतो आणि संशयही येत नाही. प्रसिद्ध गायक बॉब मार्ले १९८१ साली वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच कर्करोगाने. आपल्या चालीरीतींतूनही हा रोग शिरकाव करतो. डॉ. खानोलकर व डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ सालीच, कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. सावळ्या त्वचेवर हा रोग उशिरा ओळखला जातो, आणि म्हणूनच अधिक जीव घेतो.

खरा प्रश्न हौसेने रापणाऱ्यांचा नाही. होडीवर, मिठागरात, शेतात दिवसभर राबणाऱ्यांना ऊन निवडता येत नाही. जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेल्या मुलांना तर ते वैरीच असते. अशा मुलांना रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वर्गात खिडकीपासून दूरची जागा मिळणे हा उपकार नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी न भरणारी जखम, वाढता वा रंग बदलणारा तीळ आणि नखाखालची काळी रेघ यांकडे डोळेझाक करता कामा नये. कष्टकऱ्याचे तळपाय पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि रापविण्याच्या दिव्यांचा धंदा पर्यटनाच्या नावाखाली या किनाऱ्यावर मूळ धरण्यापूर्वीच शासनाने त्याला मज्जाव करावा. दुसऱ्यांनी अनुभवाने टाकून दिलेले दुखणे आपण पैसे मोजून विकत घेण्याचे काहीच कारण नाही.