हजार रुपये भरले की सुटलो?
रस्ता आणि कायदा : भाग सातवा

मुंबई-गोवा महामार्गाने पळस्पे फाटा मागे टाकून कर्नाळ्याकडे निघालं की शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. १८७९ साली पुण्यात त्यांच्यावर खटला चालला, तो १८६०च्या भारतीय दंडविधानाखाली. घोडागाडीच्या जमान्यातल्या त्याच दंडविधानात कलम २७९ होतं : सार्वजनिक रस्त्यावर माणसांच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे वाहन हाकणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली आणि कलमाचा आकडा २८१ झाला. हजार रुपये मात्र जागचे हलले नाहीत. आज तेवढ्यात गाडीची टाकीही भरत नाही.

नेमकी इथेच फसगत होते.

समजा, पावसाळी संध्याकाळी शिरढोणजवळ कारची दुचाकीला धडक बसली आणि दुचाकीस्वाराचा पाय मोडला. चालकाच्या मनात पहिला विचार येतो पळण्याचा, कारण गर्दी जमायला दोन मिनिटं पुरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ने ही भीती गृहीत धरली आहे. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवणं हे चालकाचं कर्तव्य. संतापलेल्या जमावामुळे ते शक्यच नसेल तर त्यातून सूट आहे. पण सूट तेवढ्यापुरतीच. पोलीस जागेवर नसतील तर शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या ठाण्यात जाऊन अपघाताची खबर द्यावीच लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. जमावापासून जीव वाचवायला गाडी सोडून थेट पोलीस ठाणं गाठणारा आणि घरी जाऊन गॅरेजवाल्याला फोन करणारा, या दोघांत कायदा फार मोठा फरक करतो. मृत्यू झाला असताना खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या न्याय संहितेच्या कलम १०६(२)वरून जानेवारी २०२४मध्ये ट्रकचालकांनी चाकं थांबवली होती. संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवूनच.

मग कागद सुरू होतात. पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात : गाड्या कुठे, कुठल्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या, टायर घासल्याच्या खुणा किती लांब, काचा कुठवर उडाल्या. आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक ब्रेक आणि स्टिअरिंग तपासतो. फिर्यादीत मात्र वर्षानुवर्षं घोटलेलं एक वाक्य येतं : आरोपीने ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात’ चालवलं. हे वाक्य सरळ वाचताना माणूस अपराधी ठरल्यासारखाच वाटतो. पण तो आरोप आहे, पुरावा नव्हे. कर्नाटकात १९८२ साली उलटलेल्या ट्रकच्या खटल्यात (कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश, १९९८) साक्षीदारांनी ‘वेग फार होता’ एवढंच सांगितलं. नुसत्या वेगावरून बेदरकारपणा गृहीत धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि चालक निर्दोष सुटला. त्या अपघातात १५ माणसं दगावली होती. म्हणून पंचनाम्यातली ती टायरची खूण फिर्यादीतल्या चार विशेषणांपेक्षा मोलाची.

आपल्या उदाहरणातल्या चालकावर कलम २८१ एकटं येत नाही. हाड मोडलं म्हणजे जबर दुखापत, म्हणून कलम १२५(ब) : तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जोडीला मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक रीतीने वाहन चालवणं. पोलीस ठाण्यात जामीन मिळतो, गाडी तपासणीनंतर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे ती पुन्हा हजर करण्याच्या हमीवर, सुटते आणि काही महिन्यांनी पनवेलच्या न्यायालयाचं समन्स येतं. तिथे व्हरांड्यात कुणीतरी कानाशी लागतंच : ‘कबूल करा आणि मोकळे व्हा, उगाच तारखा कशाला?’

मोकळं होणं इतकं सोपं नसतं. कबुली म्हणजे दोषसिद्धी. कैदेची शिक्षा देणं न देणं न्यायाधीशांच्या हाती, व्हरांड्यातल्या सल्लागाराच्या नाही. कलम १८४खाली एकदा दोषी ठरलेल्या चालकावर पुढे मृत्यूचा किंवा जबर दुखापतीचा गुन्हा नोंदला गेला, तर मोटार वाहन कायद्याच्याच कलम २१प्रमाणे त्याचा परवाना सहा महिने निलंबित होतो; ती मुदत संपण्याआधी निर्दोष सुटला तरच सुटका. ड्रायव्हिंगवर पोट असलेल्या माणसाला हा दंड हजार रुपयांचा उरत नाही. भरपाईच्या दाव्यातही तीच कबुली त्याच्यासमोर ठेवली जाते. खरंच चूक असेल तर कबुली जरूर द्यावी, पण तारखांच्या कंटाळ्यापोटी नको. जखमीशी समेट झाला तर दुखापतीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटतो. कलम २८१ मात्र तसं मिटत नाही, कारण तो गुन्हा रस्त्यावरच्या सगळ्यांविरुद्ध धरला जातो. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.

आणि आरोप चढतो तेव्हा कुठवर चढतो, हे वांद्र्याच्या कार्टर रोडने दाखवलं. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे अ‍ॅलिस्टर परेराची कार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्य सापडलं. सत्र न्यायालयाने एप्रिल २००७मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू एवढंच धरून सहा महिने कैद आणि पाच लाख दंड दिला. लोक खवळले. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि जानेवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सात जिवांना तीन वर्षं, हा हिशेब अनेकांना आजही पटत नाही.

फौजदारी खटल्याचा निकाल काहीही लागो, जखमी दुचाकीस्वाराला भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत वेगळा लावावा लागतो. हा दावा चालतो त्या न्यायाधिकरणात पुराव्याची फूटपट्टी निराळी असते. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.