मूत्रपिंडदात्याची प्रकृती : शस्त्रक्रियेनंतरची काळजी



वार्षिक अहवालातील काही पाने आरोग्यविषयक माहितीसाठी राखून ठेवण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. डायलिसिस आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण या विषयांवर या पानांतून यापूर्वी लिहिले गेले आहे. या वर्षी आम्ही मूत्रपिंड देणाऱ्या व्यक्तीविषयी लिहावयाचे ठरविले. आम्ही वैद्यक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन रुग्णालयाच्या व्यवस्थापनात आयुष्य गेलेले आम्ही एक सेवक आहोत. पुढील वैद्यकीय माहिती आमच्या मूत्रपिंडविकार विभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊन मगच लिहिली आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास एक छोटासा प्रसंग कारणीभूत झाला. पतीला मूत्रपिंड दिलेल्या एक भगिनी शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात पतीच्या तपासणीसाठी त्याच्यासोबत आल्या होत्या. पती आत डॉक्टरांसमोर, आणि या बाहेर बाकावर पोटाशी हात धरून बसलेल्या. आमच्या परिचारिकेने सहज चौकशी केली, तेव्हा कळले की आठव्या दिवसापासून त्या सार्वजनिक नळावरून पाण्याचे हंडे आणीत होत्या. जखम लाल होऊन सुजली होती. "माझं काय, मी धडधाकट आहे. ह्यांना आधी बघा," असे त्या म्हणाल्या. सुदैवाने जंतुसंसर्ग वरवरचा होता आणि औषधाने बरा झाला. परंतु त्यांना तपासावयाचे तर त्यांच्या नावाचा केसपेपर शोधूनही सापडेना. नवा केसपेपर काढण्यासाठी त्यांना रांगेत उभे राहावे लागले.

आम्ही कारण शोधले, तेव्हा दोष आमच्याच वहीखात्यात निघाला. दात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णाच्या खात्यावर टाकला जात असे. रुग्णाला पुढील तपासण्यांच्या तारखा लिहिलेले कार्ड मिळे. दात्याच्या कागदावर मात्र 'घरी सोडले' एवढीच शेवटची नोंद असे. ज्याची नोंद नाही, त्याची आठवण राहत नाही, हा हिशेबातील अनुभव येथेही खरा ठरला. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या अधिक आहे. माता, पत्नी, भगिनी या नात्याने त्या देतात आणि घरी परतताच कामाला लागतात. म्हणून ही माहिती दात्याइतकीच दात्याच्या घरच्यांनीही वाचावी, अशी आमची विनंती आहे.

शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील दिवस

जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे झाले. रोनाल्ड हेरिक यांनी आपला जुळा भाऊ रिचर्ड याला मूत्रपिंड दिले. शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोसेफ मरे यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रिचर्ड यांना आणखी आठ वर्षांचे आयुष्य लाभले, तर दाते रोनाल्ड त्यानंतर ५६ वर्षे जगले. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

त्या काळी दात्याच्या कुशीवर लांब छेद घ्यावा लागे, आणि कित्येकदा बरगडीचा तुकडाही काढावा लागे. १९९५ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे दुर्बिणीद्वारे, म्हणजे लॅपरोस्कोपीने, दात्याचे मूत्रपिंड प्रथम काढण्यात आले. या पद्धतीत पोटावर तीनचार लहान छिद्रे आणि मूत्रपिंड बाहेर काढण्यासाठी ओटीपोटावर एक आडवा छेद एवढेच पुरते. दात्याला साधारणतः तीन ते पाच दिवसांत घरी सोडता येते. मोठ्या छेदाच्या पद्धतीत आणखी काही दिवस लागतात.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दात्याला उठवून बसवितात व आधार देऊन चालवितात. हा निष्ठुरपणा नव्हे. पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका असतो. खोकताना पोटावर उशी घट्ट धरावी, म्हणजे जखमेवर ताण येत नाही. अनेक दात्यांचा खांदा दुखतो आणि घरची माणसे घाबरतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगविण्यासाठी वायू भरलेला असतो. त्याने छाती व पोट यांमधील पडदा चिडतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. दोनतीन दिवसांत ती आपोआप कमी होते. पहिले काही दिवस पोट फुगणे आणि शौचास न होणे हेही नेहमीचेच आहे.

पहिले सहा आठवडे

बाहेरचे टाके दहापंधरा दिवसांत सुकतात, म्हणून आतील सर्व भरून आले असा समज होतो. वस्तुतः पोटाच्या आतील थरांना पुरेशी बळकटी येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर पाच किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो होते, म्हणजे लहानशी कळशीदेखील या मर्यादेबाहेर जाते. भरलेला हंडा, गॅसचे सिलिंडर, दळणाचा डबा, ओल्या कपड्यांची बादली, कडेवरचे मूल या सर्वांना हाच नियम लागू आहे. तो मोडल्यास जखमेच्या जागी हर्निया होऊ शकतो आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

हलका स्वयंपाक आणि घरातील चालणे पहिल्यादुसऱ्या आठवड्यापासून चालते. रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. दुचाकी चालविणे, खड्ड्यांच्या रस्त्याने लांबचा प्रवास करणे हे डॉक्टरांनी जखम पाहून परवानगी देईपर्यंत टाळावे. बैठे काम करणारे सुमारे चार आठवड्यांत कामावर रुजू होऊ शकतात. शेतीची, हमालीची किंवा बांधकामाची कामे करणाऱ्यांनी सहा ते आठ आठवडे, आणि गरज पडल्यास तीन महिने थांबावे. केंद्र शासनाने २०२३ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अवयवदानाप्रीत्यर्थ ४२ दिवसांपर्यंतची विशेष नैमित्तिक रजा मंजूर केली आहे. हे ४२ दिवस म्हणजे नेमके सहा आठवडे होत.

या काळात अनपेक्षित वाटणारी गोष्ट म्हणजे थकवा. दाता शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण निरोगी असतो आणि सकाळी बरे वाटून दुपारी गळून गेल्यास तो स्वतःलाच दोष देतो. हा थकवा काही आठवडे, क्वचित काही महिने राहतो आणि हळूहळू ओसरतो. काही दात्यांना उदासही वाटते. सर्वांचे लक्ष रुग्णाकडे असते, आणि दुर्दैवाने बसविलेले मूत्रपिंड चालले नाही तर दात्याच्या मनाला अधिकच लागते. अशा वेळी ते डॉक्टरांजवळ बोलून दाखवावे.

ताप येणे, जखमेतून पू येणे, लघवी कमी होणे किंवा जळजळ होणे, उलट्या न थांबणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, ही लक्षणे दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात यावे. छातीत दुखू लागल्यास किंवा धाप लागल्यास तर क्षणाचाही विलंब लावू नये.

उरलेले एक मूत्रपिंड

एक मूत्रपिंड काढल्यावर रक्त गाळण्याची क्षमता प्रथम निम्म्यावर येते. परंतु उरलेले मूत्रपिंड काही आठवडे ते काही महिन्यांत आकाराने थोडे वाढते, अधिक काम करू लागते आणि पूर्वीच्या एकूण क्षमतेच्या साधारण दोनतृतीयांशापर्यंत मजल गाठते. निरोगी माणसाच्या दैनंदिन जीवनास ती पुरेशी असते. यामुळे दात्याच्या रक्तातील क्रिएटिनिन मात्र पूर्वीपेक्षा थोडे वाढलेले दिसते. पूर्वी ०.८ असलेला आकडा १.१ किंवा १.२ होऊ शकतो. तो पाहून घाबरू नये, परंतु तो दरवर्षी वाढत नाही ना, हे अवश्य पाहावे. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेल्यास 'मला एकच मूत्रपिंड आहे' हे प्रथम सांगावे.

दात्याला रुग्णाप्रमाणे आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. आहारही नेहमीचा घरचाच असावा, मात्र मीठ बेताचे ठेवावे आणि वजन वाढू देऊ नये. ताकदीसाठी म्हणून प्रथिनांच्या भुकट्या, अनोळखी काढे व भस्मे घेऊ नयेत. अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात, म्हणून त्या टाळाव्यात. तंबाखू आणि धूम्रपान कायमचे वर्ज्य करावे. पुढे मूल हवे असलेल्या भगिनींनी किमान सहा महिने ते वर्षभर थांबून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा, कारण मूत्रपिंडदानानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची शक्यता काहीशी अधिक असते. तरीही बहुतेक मातांचे बाळंतपण सुखरूप होते.

धोका किती?

दात्यापासून काही लपवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. अमेरिकेतील नोंदींनुसार शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत मृत्यू येण्याचे प्रमाण पूर्वी दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३ होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २०१३ ते २०२२ या काळासाठी ते १ पेक्षाही कमी आढळले. दीर्घकालीन धोक्याविषयी २०१४ साली तेथील ९६,००० हून अधिक दात्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार आयुष्यात कधीतरी मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता दर १०,००० दात्यांमागे ९०, तर तितक्याच निरोगी पण दान न केलेल्या व्यक्तींमध्ये १४ एवढी अनुमानिली आहे. म्हणजे धोका अल्प आहे, पण शून्य नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा लघवीतून प्रथिने जाणे हे वेळीच लक्षात आले तर त्यावर उपाय करता येतो. म्हणूनच वर्षातून एकदा रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी, एवढा नेम दात्याने आजन्म पाळावा.

कायदा आणि बुडालेली मजुरी

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि २०११ साली त्यात दुरुस्ती झाली. अवयवाचा व्यापार हा या कायद्याने गुन्हा आहे, आणि तसाच असावयास हवा. तथापि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या कायद्यातील 'मोबदला' या शब्दाच्या व्याख्येतून दात्याला अवयव देण्यामुळे प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च आणि बुडालेले उत्पन्न वगळण्यात आले आहे. म्हणजेच दात्याची बुडालेली मजुरी भरून देणे हा मूत्रपिंडाचा सौदा ठरत नाही.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता हा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रियेसाठी शासकीय योजनांचे व निर्धन रुग्ण निधीचे साहाय्य मिळू शकते. परंतु मजुरी करणाऱ्या दात्याला सहा आठवडे घरी बसा असे सांगताना, त्या सहा आठवड्यांत चूल कशी पेटावी, याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आमचा सल्ला बिनचूक होता आणि तो पाळणे त्यांना परवडणारे नव्हते. वर उल्लेखिलेल्या भगिनींनी हंडा उचलला तो निष्काळजीपणाने नव्हे. घरात पाणी आणणारे दुसरे कोणी नव्हते.

आमचे कर्तव्य

या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने प्रत्येक दात्याच्या नावे स्वतंत्र केसपेपर व कार्ड सुरू केले आहे. दोन आठवडे, सहा आठवडे, सहा महिने, एक वर्ष आणि त्यानंतर प्रतिवर्षी एक अशा तपासण्यांच्या तारखा त्यावर लिहिलेल्या असतात. या तपासण्यांचे शुल्क दात्याकडून घेतले जात नाही. शक्यतो रुग्णाची आणि दात्याची तारीख एकच ठेवतो, म्हणजे एसटीचे भाडे दुहेरी पडत नाही. दाता आला नाही तर समाजसेविका घरी निरोप पाठवितात. यापूर्वीच्या दात्यांचे पत्ते जुन्या कागदांतून शोधण्याचे काम चालू आहे.

बुडालेल्या मजुरीसाठी एक स्वतंत्र निधी उभारण्याचा संकल्पही मंडळाने केला आहे. साहाय्य शस्त्रक्रिया झाल्यानंतरच, प्रत्यक्ष बुडालेल्या उत्पन्नाची शहानिशा करून आणि कायदेशीर सल्ल्यानेच दिले जाईल. दान देण्याचा निर्णय पैशामुळे होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. मागील वर्षांच्या ताळेबंदात दात्यांच्या नावाचे एकही शीर्षक नव्हते. या वर्षीच्या जमाखर्चात 'दाता आरोग्य' हे शीर्षक आपणांस प्रथमच दिसेल. त्यापुढील रक्कम लहान आहे. ती वाढविणे आपणां सर्वांच्या हाती आहे.

त्या भगिनी आता स्वतःचे कार्ड घेऊन तपासणीस येतात. प्रकृती उत्तम आहे. पतीच्या आधी त्यांचे नाव पुकारले गेले, तर अजूनही थोड्या संकोचतात.