एक कान अचानक बंद झाला तर…

रात्री चांगले ऐकू येत होते आणि सकाळी उठल्यावर एक कान बंद. कानात कापूस कोंबल्यासारखे वाटते, बारीक शिट्टी वाजत राहते. त्या कानाला मोबाइल लावला तर समोरचा माणूस बोलतो आहे की नाही, तेच कळत नाही. अशा वेळी आपल्या घरांत काय होते? दादी लसूण घालून तेल कोमट करतात. अम्मी म्हणतात, मळ साचला असेल. अब्बा म्हणतात, सर्दी उतरली की कान आपोआप मोकळा होईल. यात आठवडा निघून जातो, आणि तोच आठवडा सर्वांत मोलाचा असतो.

तीन दिवसांच्या आत आतल्या कानाची किंवा श्रवणाच्या नसेची शक्ती घटली, तर तो तातडीचा आजार समजतात. यावर डॉक्टर सहसा स्टेरॉइड देतात. औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे नाही, पण उशीर झाला की ती संधीही जाते.

घरी एक साधी तपासणी करता येते. ओठ मिटून 'हूंऽऽ' असा आवाज काढा. तो बंद कानात मोठा वाटला, तर मळ किंवा पडद्यामागचे पाणी हे कारण असू शकते. चांगल्या कानात मोठा वाटला, तर नसेचा संशय घ्यावा. मात्र यावर निदान ठरवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओग्राम काढून घ्या.

बहुतेकांना हा त्रास एकदाच होतो, आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. पण तो पुन्हा झाला, तर 'मागच्यासारखाच आहे' म्हणून जुन्याच गोळ्या आणू नका. पुन्हा होण्यामागे दुसरा आजार असू शकतो.

ऐकू येणे कमी-जास्त होत असेल, कान जड वाटत असेल आणि घर फिरल्यासारखी चक्कर येत असेल, तर मेनिएचा आजार असू शकतो. अशी चक्कर आतल्या कानातून येऊ शकते, हे प्रॉस्पर मेनिए या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये मांडले. काही जणांच्या श्रवणाच्या नसेवर हळूहळू वाढणारी गाठ असते. ती कर्करोगाची नसते. औषधाने ऐकू येऊ लागले तरी गाठ असू शकते, म्हणूनच डॉक्टर एमआरआय सांगतात. 'आता बरे आहे' म्हणून तो टाळू नये. दुसऱ्या कानालाही त्रास सुरू झाला, सोबत डोळे लाल होत असतील किंवा सांधे दुखत असतील, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का, हेही पाहावे लागते.

ऐकू येणे बंद होण्याबरोबर तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा सरळ मोठ्या रुग्णालयात जावे.

मधुमेह असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. स्टेरॉइडने साखर वाढते. पण त्या भीतीने उपचार सोडू नयेत. अशा रुग्णांना कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देण्याचा मार्गही असतो. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

एका कानाने ऐकणाऱ्याला अजान ऐकू येते, पण कोणत्या बाजूने येते ते समजत नाही. रस्त्यावरच्या हॉर्नचेही तसेच. म्हणून घरच्यांनी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने बोलावे, रस्ता ओलांडताना सोबत राहावे.

प्रत्येक ऑडिओग्राम तारखेनुसार फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी त्रास झालाच, तर काय बदलले हे डॉक्टरांना त्या कागदांवरूनच कळेल.