काडीसारख्या बाईला शुगर कशी होते?

दर्यापूरकडच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईनं आम्हाला विचारलं, "मी तं अशी काडीसारखी. दिवसभर वावरात राबतो. मंग मले शुगर काऊन झाली? थे तं बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसाले होते ना?" आम्हाला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचं बोलणं तिच्यासाठी.

हाच प्रश्न पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना पडला होता. त्यांनी जी पुस्तकं वाचली ती विलायतेतली. त्यात मधुमेहाचा रोगी म्हणजे वयस्क आणि जाड. समोर येणारे रोगी मात्र पुष्कळदा तरुण आणि सडपातळ. पुस्तक खरं की समोरचं माणूस खरं? या एका प्रश्नामागे त्यांनी सगळी उमेद घातली.

2004 साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक फोटो छापला. एक ते स्वतः, दुसरे त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाच्या अंगात 9 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21 टक्के! वरून बारीक, आतून चरबी. त्या ताईचंही असंच असू शकतं.

पण ही चरबी येते कधी? हे शोधायला 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू झालं. बायांची उंची, वजन, खाणं दिवस जाण्याआधीपासून मोजलं, मग बाळं मोजली, आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. इतकी वर्षं एकेका घराचा उंबरा झिजवायचा, हे काही खायचं काम नाही. बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे 2.7 किलो. इंग्लंडात ते साडेतीन किलोच्या आसपास असतं. बाळांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी तितकीशी कमी नव्हती. म्हणजे हे जन्मतःच होतं.

असं का होतं, ते आपल्या घरावरून समजेल. पैसा कमी आला की आपण आधी धान्य आणतो, औषध आणतो. भिंतीचा गिलावा पुढच्या सालावर टाकतो. पोटातलं बाळही तेच करतं. पुरवठा कमी पडला की ते आधी मेंदू सांभाळतं. स्नायू आणि साखर आवरणारं स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. कसर निघते ती चाळिशी-पन्नाशीत. इंग्लंडात डॉ. बार्कर यांना सुईणींच्या जुन्या वह्या सापडल्या होत्या. त्यांत 1911 पासून जन्मलेल्या बाळांची वजनं लिहिलेली होती. कमी वजनाची बाळं म्हातारपणी हृदयविकारानं जास्त गेली, असं त्यांवरून दिसलं. त्या सुईणींना काय माहीत, आपली वही पुढं इतकी कामी येईल!

आता आपल्याकडे या. पुण्याच्या त्या अभ्यासात बायांचे कष्टही मोजले होते. विहिरीवरून पाणी आणणं, धुणं धुणं, सगळं. पोटुशी असताना जास्त राबणाऱ्या बायांची बाळं थोडी लहान निघाली. आपला अर्धा मुलूख खारपाणपट्ट्यात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, कुठंही जा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोड पाणी लांबून आणायचं, आणि हंडा असतो सुनेच्याच डोक्यावर. मग वेचणीचे दिवस आले की चार-पाच महिन्यांची पोटुशी बाईही कमरेला ओटी बांधून कपाशीत वाकलेली. कोणाला हे आजारपणाचं कारण वाटत नाही.

खाण्याचं आणखी एक. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं जास्त वेळा खायच्या, त्यांची बाळं चांगली भरली. चिवळ, घोळ, तांदुळजा, आंबाडी, शेवग्याचा पाला यांना दुकानात जावं लागत नाही. पण वाढताना आधी पुरुष, मग लेकरं, आणि सुनेच्या ताटात भाकर नि चटणी. भाजी शिजली तरी तिच्यापर्यंत पोचत नाही, खरं दुखणं तिथं आहे.

तिसरी गोष्ट बी-12 जीवनसत्त्वाची. त्या गावांतल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायांत ते कमी होतं. ते पालेभाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. माळकरी घरात निदान दही-ताक तरी सुनेला रोज मिळावं. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या मात्र कोणी बंद करू नका. बी-12 बद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा.

2012 पासून याज्ञिकांच्या चमूनं त्याच अभ्यासातल्या, आता वयात आलेल्या मुला-मुलींना बी-12 द्यायला सुरुवात केली. दिवस गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच अंग भरलेलं बरं, असा त्यांचा विचार. म्हणजे आपल्या घरातली नववी-दहावीची पोरगी, जी सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत जाते, तीही यात आली.

त्या ताईची सून आता चार महिन्यांची आहे. ताईनं पोराला सायकलला दोन कॅन बांधायला लावले. पहिल्या दिवशी पारावरचे हसले म्हणे. पुढच्या बैठकीला आपापल्या घरचं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन या. बाळाचं जन्मवजन त्यावर लिहिलंय का, ते आपण मिळून पाहू.