विहिरीला कठडा कोणी बांधायचा?

मुले मोबाईलच्या आहारी गेली की दोष कोणाचा, हा प्रश्न धर्मग्रामांतील पालकसभांतून वारंवार विचारला जातो. उत्तर बहुधा एकच मिळते : पालकांचा. पालकांचे कर्तव्य आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या कंपन्या ही माध्यमे घडवितात आणि त्यांवर अमाप नफा मिळवितात, त्यांच्या उत्तरदायित्वाचे काय?

पवित्र शास्त्र याबाबत स्पष्ट आहे. खड्डा खणून तो उघडा ठेवला व त्यात कुणाचे जनावर पडले, तर भरपाई खड्ड्याच्या धन्याने करावी, असा दंडक निर्गमच्या २१व्या अध्यायात आहे. नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावा, ही आज्ञा अनुवादच्या २२व्या अध्यायात आढळते. धोका जो निर्माण करतो, त्याचे निवारणही त्यानेच करावयाचे, हे यामागील तत्त्व होय.

सोशल मीडिया वरकरणी फुकट असला, तरी त्याचे उत्पन्न मुख्यत्वे जाहिरातींचे असते. माणूस जितका अधिक वेळ पडद्यासमोर, तितक्या अधिक जाहिराती. म्हणूनच तेथील पानाला शेवट नसतो. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. एखादे मूल उदास चित्रापाशी थोडे अधिक रेंगाळले, की संगणकीय प्रणाली त्याच जातीची आणखी चित्रे पुढे करते. तिला मुलाचे दुःख कळत नाही. केवळ त्याचे रेंगाळणे कळते.

याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे लंडनमधील एका प्रकरणाने जगासमोर आणले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील एका १४ वर्षांच्या मुलीने आपले जीवन संपविले. अखेरच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, पसंत केलेल्या वा इतरांना पाठविलेल्या सुमारे १६,३०० नोंदींपैकी २,१०० नैराश्य, आत्मइजा व आत्महत्या यांविषयी होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने नैराश्यासोबत ऑनलाईन मजकुराच्या दुष्परिणामांचाही निष्कर्षात उल्लेख केला. यातील काही मजकूर तिने मागितलाही नव्हता. प्रणालीने तो निवडून तिच्यापुढे ठेवला होता.

कंपन्यांना याची कल्पना नव्हती काय? फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांत पुढील नोंद होती : आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असता इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाटू लागते, असे ३२ टक्के किशोरींनी सांगितले होते. या संशोधनाचा विपर्यास केला जात आहे, असे कंपनीचे म्हणणे होते.

कंपन्यांचा नेहमीचा बचाव असा, की मजकूर इतरांचा, आम्ही केवळ वाहक. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यातील कलम २३० त्यांना असेच संरक्षण देते. आपल्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ७९ मध्येही ते सशर्त आहे. पोस्टमन पत्रातील मजकुरास जबाबदार नसतो, हे खरेच. परंतु कोणाच्या हाती कोणते पत्र द्यावयाचे, हे जो स्वतःच्या लाभासाठी ठरवितो, त्याला ही सबब कशी शोभावी?

काही राष्ट्रांनी आता पावले उचलली आहेत. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाईन सुरक्षा कायद्यातील बालसंरक्षणाची कर्तव्ये जुलै २०२५ पासून बंधनकारक झाली. दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. तेथे दंड कंपनीला होतो. मुलाला वा पालकांना नव्हे. वयाची पडताळणी करताना खासगीपण कसे जपावे, हा प्रश्न मात्र उरतोच.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई केली असून दंडाची मर्यादा २०० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. परंतु हा कायदा माहितीचा आहे. मुलाला खिळवून ठेवणाऱ्या रचनेचा जाब तो थेट विचारीत नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका नवी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्क माध्यमांविषयीचा आदेश प्रसृत केला. त्यात पालकांना दक्षतेचे कर्तव्य सांगितले आहे. परंतु प्रमुख नैतिक जबाबदारी माध्यमे निर्माण करणाऱ्यांवर व चालविणाऱ्यांवर ठेवली आहे. तरुणांचे रक्षण करण्याचे कर्तव्य शासनालाही सांगितले आहे. लहानग्यांना अडखळविणाऱ्याविषयी प्रभू येशूने दिलेला जात्याच्या तळीचा इशारा, मत्तय १८, आपणा सर्वांस परिचित आहे.

तेव्हा पालकांनी जरूर दक्ष राहावे, मुलांशी बोलावे. त्याचबरोबर आक्षेपार्ह मजकुराची तक्रार नोंदवावी आणि आपल्या लोकप्रतिनिधींना या विषयावर प्रश्न विचारावेत. आई हात धरते म्हणून विहिरीला कठडा नको, असे कोणी म्हणत नाही. तो बांधण्याचा खर्च विहिरीच्या मालकाने सोसावा, एवढीच आमची मागणी आहे.