पूर्णांकांवरील शाब्दिक उदाहरणांची रचना

भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत शिरली व एक फांदीवर दिसत आहे. तर एकूण वानरे किती? समीकरण सोडविले असता ५० व ५ अशी दोन उत्तरे येतात आणि दोन्ही समीकरणास लागू पडतात. परंतु ५ हे उत्तर घेतल्यास पंचमांश १ होतो, त्यातून तीन वजा केल्यास उणे २ उरतात, आणि उणे दोन वानरे कोणीही पाहिलेली नाहीत. हे उत्तर लोकांस पटणारे नाही, म्हणून आचार्यांनी ते त्याज्य ठरविले. त्यांनीच लीलावतीत (इ. स. ११५०) मात्र १० व १७ या भुजा आणि ९ ही भूमी असलेल्या त्रिकोणाची एक आबाधा, म्हणजे लंबाने होणारा भूमीचा खंड, उणे ६ आला असता तो स्वीकारला व 'विरुद्ध दिशेस' असा त्याचा अर्थ लावला.

गणित एकच, भेद विषयवस्तूत आहे. रेषेला उलट दिशा असते, वानरांच्या मोजणीला ती नसते. उदाहरण रचणाऱ्याने प्रथम हेच पाहावे की, घेतलेल्या राशीस निश्चित शून्य व त्याच्या दोन बाजू आहेत काय. इसवी सनाची वर्षे या कसोटीस उतरत नाहीत. इ. स. पूर्व १ नंतर लगेच इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, त्यामुळे इ. स. पूर्व ६३ पासून इ. स. १४ पर्यंतचे अंतर ७७ नव्हे, ७६ वर्षे भरते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. एका गावाचे तापमान १२ अंश व दुसऱ्याचे उणे ८ अंश असता त्यांची 'बेरीज' विचारणे निरर्थक होय (सरासरी काढताना ती केवळ एक पायरी म्हणून येते). वजाबाकीस मात्र अर्थ आहे: १२ − (−८) = २०. स्थान व बदल या भिन्न गोष्टी आहेत. स्थानात बदल मिळविता येतो, स्थानात स्थान नाही.

खरी अडचण गुणाकाराची. ऋण व ऋण यांचा गुणाकार धन, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच दिला. पण कर्जाला कर्जाने गुणणे व्यवहारात कोठेही घडत नाही. म्हणून एक गुणक दर व दुसरा काळ असावा. टाकीतील पाण्याची पातळी ताशी ३ सेंटिमीटर उतरते. चार तासांपूर्वी ती आजच्या खुणेच्या किती वर होती? (−३) × (−४) = १२. येथे एक आक्षेप रास्त आहे: चतुर विद्यार्थी तीन चोक बारा करून मोकळा होईल, ऋण चिन्हाकडे पाहणारही नाही. पाठ्यपुस्तकांतील बहुतेक उदाहरणांची हीच गत आहे, आणि या उदाहरणापुरता उपाय असा की, दुपारी बारा वाजता पातळी खुणेवर आहे असे सांगून सकाळच्या आठ व दुपारच्या तीन वाजताची पातळी एकाच सूत्राने काढावयास सांगावी.